मागचं डावं दार

खोक्यावर मिलानमधली गल्ली, निळी गाडी,
एकास चोवीस.
घोडपदेवच्या खोलीत, टेबललॅम्पखाली
चिमट्याने सुटे करतो भाग:
अकरा, बारा, तेराचा अ.

कागद म्हणतो, स्टिअरिंग डावीकडे.
मी डॅशबोर्ड पात्याने कापतो, उलटा चिकटवतो.
दोन रात्री गेल्या त्यात.
या हवेत काळा रंग सुकता सुकत नाही,
बॉनेटवर अंगठा उमटलाय माझा.
टप पिवळा.
मीटर कुठल्याच चौकटीत नाही;
मग काडेपेटीतली अर्धी काडी
आणि झेंड्याला टाचणीचं डोकं.

वामनमामा आला. चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ बघत राहिला.
एकतीस वर्षं चालवली त्याने टॅक्सी,
भंगारात किती आले ते अजून सांगत नाही.
म्हणाला, "मागचं डावं दार
एवढं नीट कधी बसलंच नाही रे.
जरा उचलून लावायला लागायचं."

मी चमचा गॅसवर धरला,
दारापाशी नेला, अगदी जवळ,
टेकवला नाही.
कड किंचित खाली आली.

आता बसत नाही.
मामा नखाने उचलून लावतो.
उघडतो.
परत लावतो.