चार मिनिटं

आमच्याकडे कूलर नाही, हे ऐकून
नागपुरात लोक आधी माझ्याकडे बघतात, मग नवऱ्याकडे.
एकवीस उन्हाळे मी ओल्या चादरीत काढले.
कधी म्हणायची सांधे दुखतात, कधी वीजबिल.
नवरा गच्चीवर झोपायचा,
श्रुतिका दीड महिना मामेबहिणीकडे, त्रिमूर्तीनगरात.

धंतोलीत दातांच्या दवाखान्यावर तितरमारे मॅडमची खोली.
पहिल्या दिवशी मी दारातच थांबले.
कोपऱ्यात पत्र्याचा कूलर घरघरत होता.
त्यांनी काही विचारलं नाही. उठल्या, बटण बंद केलं
आणि पाऊण तास घाम पुसत समोर बसून राहिल्या.
अर्धं तेव्हाच सांगून झालं असावं.

उरलेलं अर्धं कित्येक बुधवार निघेना.
"आत्ता दिसतात अशा पाच गोष्टी सांगा."
कॅलेंडर. पाण्याचा जग. तुमचे पाय.
खाली रसवंतीची गाडी.
पाचवी सापडेना.
"अंगात कुठं जाणवतं?"
इथे, बेंबीच्या वर,
कूलरमधल्या कुजक्या गवताच्या गड्ड्यासारखं.

मग त्या बोट हलवायच्या, डावीकडे, उजवीकडे,
आणि माझे डोळे त्याच्या मागे.
हसू यायचं. पन्नाशीला टेकलेली बाई नि हे काय चाललंय!
एकदा बोट थांबलं, आणि मी नऊ वर्षांची होते.

इतवारीतली खोली. भर दुपार.
बाबा आधी कूलर लावायचे,
मग दाराला कडी,
मग आई.
मी ताट्यांपाशी झोपलेली.
म्हणजे, डोळे मिटलेले.
गल्लीत फक्त कूलर ऐकू जायचा.
संध्याकाळी उकेकाकू ओट्यावरून म्हणायच्या,
"तुमचं घर बाकी थंडगार राहते वं."
"हो नं," आई म्हणायची,
दंडावर पदर ओढत.

पुढं एका बुधवारी रिकामी खुर्ची.
इथे बाबा आहेत समजा, बोला.
बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती,
तेरवीचे वडे मीच तळले होते.
खुर्चीशी मी एक अक्षर बोलले नाही.
मग मीच म्हटलं, यांना उठवा,
त्या पोरीला बसवा.
तिच्याशी पुष्कळ बोलले. काय, ते इथे लिहीत नाही.
एवढंच, की तिला वाटायचं
आपण उठून बटण बंद करू शकलो असतो.

पाडव्याला मारबत निघाली.
गर्दीत मीही घसा फोडून ओरडले,
घेऊन जा गे मारबत!
घरी आले तर पीडा माझ्या आधी पोचून
चहा मागत बसली होती.
मॅडमना सांगितलं तर खूप हसल्या.
मग डायरी उघडून म्हणाल्या, पुढचा बुधवार, साडेपाच.

यंदा नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
श्रुतिकाने जुना कूलर आणला, ताट्या तेवढ्या नव्या.
"आई, काहून घाबरते? मी आहे नं."
तिला अजून सगळं माहीत नाही.
म्हटलं, लाव. चार मिनिटं. घड्याळ माझ्याकडे दे.

पहिल्या मिनिटाला गुडघे गेले.
स्विच, पायपुसणं, तिची सुटलेली वेणी,
भिंतीवरची पाल, आणि पाचवं
माझा हात, घड्याळ धरलेला.
दुसऱ्यात कान आपोआप ताणले,
आवाजाखालचा आवाज शोधायला.
तिसऱ्यात खसाचा वास आला.
तेव्हाही असेलच की.
मला कधी आला नव्हता.

दार सताड उघडं होतं. कूलरला तसंच लागतं,
हवा कोंडली की तो थंड करत नाही, नुसतं दमट होतं.
उकेकाकूंना हे माहीत नसेल?

साडेतीन मिनिटांवर म्हटलं, बंद कर.
केला तिने.
"उद्या?"
बघू, म्हटलं,
आणि टाकीत किती पाणी उरलं
ते वाकून बघितलं.