ओलं पोतं

लेबल पोत्यानेच खाल्लेलं.
मानेवर तेवढी एक चिंधी चिकटून राहिलेली,
तिच्यावर ७१, आणि टोकदार जर्मन अक्षरांत
कुठल्याशा गावाचं अर्धं नाव.

डोखळेने दोन पात्यांचा चिमटा आणला होता वायनरीतून.
दिंडोरी रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत
आम्ही दोघं दिवसभर द्राक्षरसाचा आंबटपणा मोजतो.
आमच्याकडची सगळ्यात म्हातारी वाइन
त्याच्या मुलीच्या वयाची. ती नववीत आहे.
"व्हिनेगर निघणार ताई," तो म्हणाला,
"कांद्यावर घालू."

चौऱ्याहत्तर साली नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मशीन जोडायला आलेला एबरहार्ट नावाचा फिटर
आप्पांना ही देऊन गेला.
त्याला कावीळ झाली तेव्हा आप्पांनी
महिनाभर डब्यातून मऊ भात नेला होता.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
निघताना त्याने अंगानेच सांगितलं:
दंडांवर हात चोळून, थंड.
डोळ्यांवर तळवे ठेवून, अंधार.
मग क्वार्टरच्या शहाबादी फरशीवर
सरळ झोपूनच दाखवलं,
आडवी.

आप्पा पीत नव्हते. आई दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तिनेच जागा काढली,
मोरीजवळ, रांजणामागे, गोणपाटात गुंडाळून.
आणि मग रोज सकाळी रांजण भरताना
एक तांब्या त्या पोत्यावर.
मे महिन्यात दोन.
आप्पा गेले. क्वार्टर सुटलं, जेलरोडला फ्लॅट झाला,
रांजण आला, पोतं आलं,
पोती कुजली, बदलली, सात की आठ.
दारू हा शब्द तिने कधी उच्चारला नाही.
गावाला गेली की फोनवर विचारायची,
"त्याच्यावर पाणी घातलंस का?"

बुचाचा भुगा झाला, चिमटा असूनही.
चहाच्या गाळणीने गाळली.
रंग रात्रभर भिजलेल्या मेथीच्या पाण्याचा,
त्याहून थोडा गडद, सोन्याचा म्हणवत नाही.
ग्लास मी ट्यूबलाइटला धरला,
आप्पा कोरा कागद धरायचे तसा,
आतलं जलचिन्ह शोधत.

नाक खाली नेलं,
आणि आधी काय यावं?
रॉकेल.
चक्क रेशनचं निळं रॉकेल,
स्टोव्हला पंप मारतानाचं, पिन हरवलेल्या सकाळचं.
डोखळे म्हणाला, "पुस्तकात आहे हे ताई,
रीसलिंग म्हातारी झाली की असाच वास येतो."
पुस्तकात असेल.
पुस्तकात आमचा स्टोव्ह कसा?

मग जिभेवर.
क्षणभर काहीच नाही.
मग मोरावळ्याच्या बरणीच्या तळचा पाक,
जर्दाळू, लिंबाची वाळकी साल,
आणि या सगळ्याखालून वर येत गेलेला आंबटपणा,
ताठ, स्वच्छ,
जणू पन्नास वर्षांत कोणी त्याला
आता बस जरा, असं म्हणालंच नव्हतं.
डोखळेने नोंदवही आणली होती.
उघडली नाही.

आईने आधी एकादशी नाही ना, विचारून घेतलं.
चमचाभर दिली, चाटण द्यावं तशी.
बराच वेळ ती तोंड हलवत राहिली.
"स्टोव्ह," म्हणाली.
मग म्हणाली, "आणखी थोडं."

वीस मिनिटं. फार तर पंचवीस.
मग ग्लासातल्या ग्लासात ती खचत गेली,
आधी वास गेला, मग गोडी,
शेवटी उरलं भिजलेल्या पुठ्ठ्याचं पाणी.
तेही डोखळेने प्यायलं. टाकवेना म्हणाला.

रिकामी बाटली मी खिडकीत ठेवली,
पन्नास वर्षांत पहिल्यांदा उभी.
सकाळी मोरीत तांब्याचा आवाज आला.
मी लगेच उठले नाही.
नंतर पाहिलं:
रांजणामागे ते पोतं,
चौपदरी घडी घातलेलं,
ओलं.