कोनाकडचे जी?

मंडईच्या दिवशी चिचटोल्यात कुणालाही येता येतं.
हेमराजच्या पानठेल्यापाशी एकदाच विचारतात,
"कोनाकडचे जी?"
नाव सांगितलं की बोटानं रस्ता मिळतो.
नाव अर्धंच आठवलं तरी चालतं:
"थो नाही का, लाइनमन होता, पायानं जरासा..."
"दसाराम. जा, टाकीच्या मागं."

त्या वर्षी सायकलवर एक गोरा आला.
नवेगावला निघालेला, फाट्यावर चुकला होता.
दाढीत धूळ, चेन उतरलेली.
हेमराजनं विचारलं. त्याला कळेना.
पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं,
बहिऱ्याला विचारावं तसं.
तेव्हा दसाराम पुस्तोडे,
हातात पाव किलो लाखोरीची डाळ,
पुढं होऊन म्हणाला,
"माह्याकडचा आहे."

झालं. गावात शिरला तो.

सी-फॉर्म मात्र मला भरावा लागला, चोवीस तासांच्या आत.
नाव मातेय. गावानं तोवर त्याचा मोतीराम केला होता.
रात्री नाटकाला पहिल्या रांगेत, अंगावर दसारामची घोंगडी,
पहाटे पाचपर्यंत जागला,
आणि विनोदी प्रवेशाला रडला.

जाताना म्हणाला, या आमच्याकडे.
देश लहान आहे, सायकलनं तीन दिवसांत संपतो.

माघात दसाराम माझ्या सेतू केंद्रात आला.
"काढ त्या देशाचे नियम."
मी वाचून दाखवलं:
खालील देशांच्या नागरिकांना व्हिसाची गरज नाही.
एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येईल.
त्यानं मतदार यादी तपासावी तसं
पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचायला लावलं.
"आपलं?"
"नाही जी."
"आनखी खाली पाह्य."
"खाली यादीच संपली."

तो नव्वद दिवस मोजत बसला.
"म्हनजे धान रोवल्यापासून निसवेपर्यंत.
एवढे दिवस कोन राहते बाप्पा पाव्हना?
आपल्या इथं तिसऱ्या दिवशी बैल धुवाले लावतेत."
बाकावर सातबाऱ्यासाठी बसलेले गुरुजी म्हणाले,
तलावावर परदेशी बदकं येतात, त्यांना कोण विचारतं?
दसाराम म्हणाला,
"बदकाले कोनी जेवाले भी बलावत नाही, गुरुजी."

यादीत नसलेल्यांसाठी वेगळं पान होतं.
सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट,
परतीचं तिकीट, विमा, राहण्याची सोय,
आणि हाताच्या बोटांचे ठसे, मुंबईला जाऊन.
त्यानं हात उलटे करून बघितले.
चौतीस वर्षं तारा ओढलेली बोटं.
राशनच्या दुकानात मशीन त्याला दर महिन्याला
ओळखत नाही, मग नातू आपला अंगठा लावतो.
"नातवाले घेऊन जाऊ?" म्हणाला.
हसलो दोघंही. मी जरा कमी.

प्रवासाचा उद्देश, मी विचारलं.
"लिही, चेन पाहाची आहे.
मी बसवून देल्ती. टिकली का नाही."
मी लिहिलं: पर्यटन.
त्याला मराठीत वाचून दाखवलं नाही.

"तिथं गावात शिरताना पानठेला असनच ना एखादा?"
असेल, मी म्हटलं.
"मंग कायले एवढं? म्हनीन, मोतीरामकडचा."

अर्ज पाठवला नाही अजून.
फी ऐकून तो म्हणाला, दिवाळीनंतर पाहू.
दिवाळी गेली, मंडपाचे बांबू आले,
हेमराजनं ठेल्याला नवा हिरवा रंग दिला.
अर्धवट अर्ज माझ्या कॉम्प्युटरवर तसाच आहे.
अर्जदाराचं नाव, जन्मतारीख, लाइनमन (निवृत्त).
पत्त्याच्या रकान्यात घर क्रमांक सक्तीचा होता.
घराला क्रमांक नाही. मी टाकलं:
टाकीच्या मागं.
त्यांच्या मशीननं ते घेतलं.