बाजूनं वाचताना

वीस वर्षं मी नोकरी केली ती वाचनालयात,
खरं तर कपाटांची.
साखर पेठेतली खोली, दोन ट्यूबलाइट, एक लंगडा पंखा,
आणि भिंतीवर माझ्याच हातानं रंगवलेला फलक:
शांतता राखा.
फलकाखाली चार पेन्शनर पेपर वाचत बसायचे,
पान उलटल्याच्या आवाजावरून एकमेकांवर डोळे वटारायचे.
मुलं यायची ती पाणी मागायला.
आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतो,
माझा माठ मात्र कधी रिकामा नसतो,
पेठेत एवढीच माझी ख्याती.

मग संस्थेनं प्रशिक्षणाला धाडलं. तीन दिवस.
सेक्रेटरी म्हणाले, बोल्लीबाई, सर्टिफिकेट तेवढं आठवणीनं आणा.

पहिल्या सकाळी आम्हा अठरा जणींना सतरंजीवर बसवलं
आणि एका बाईनं गोष्ट वाचून दाखवली.
एवढंच.
तात्पर्य विचारलं नाही.
एक्केचाळीस वर्षांची मी,
आणि पुस्तकातून मला कुणी वाचून दाखवायची ही पहिलीच खेप.
आईकडं गोष्टी होत्या,
पण हजार विड्या भरेपर्यंत
तिची मान सुपावरून वर यायची नाही.
चहाची सुट्टी झाली. मी उठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक धरायला शिकवलं.
हसू नका.
चित्र मुलांकडं, आणि आपण बाजूनं, मान वळवून वाचायचं.
दोन तासांत मान आखडली.
तिथून अक्षरं तिरपी दिसतात,
मागाच्या कडेला उभं राहिलं की
चादरीतला मोर दिसायचा, तशी.
बापाला मी विचारलं होतं, मोर असा वाकडा का?
तो म्हणाला, समोरच्याला सरळ दिसतो की.

तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न, वहीत उत्तर लिहायचं:
तुमच्याकडं कोण येत नाही?
मी लिहिलं, कुणीच येत नाही.
खोडलं.
मग लिहिलं, लावण्या यन्नम, वय दहा,
कडेवर भाऊ, दारापर्यंत येते,
फलक वाचते, जाते.
तिच्या घरात चार माग खडखडतात.
तिथं हळू बोललेलं कुणापर्यंत पोचत नाही,
म्हणून ती पोरं साधं बोलली तरी ओरडल्यासारखी.
मला हे ठाऊक होतं.
मी तसल्याच घरातली.
तरी फलक मीच रंगवला होता.

परत आल्यावर सगळंच जमलं असं नाही.
मोज्याची बाहुली केली, तर सिद्धाराम म्हणाला,
अक्का, दुसरा पाय कुठाय?
सगळी हसली. बाहुली पिशवीत गेली ती गेलीच.
फलक उतरवला, तर दोन पेन्शनर रुसले;
त्यातले एक आता मागच्या रांगेत बसतात,
पेपर उलटा धरून.

आणि एका दुपारी मी पान उलटलं
तर लावण्याच्या कडेवरचं ते दोन वर्षांचं पोर
खिडकीची काच हलेल एवढ्यानं किंचाळलं: एनुगु!
शाळेत याच शब्दाला मला पट्टी बसली होती,
हत्ती म्हण, हत्ती.
प्रशिक्षणातली बाई म्हणाली होती, थांबा. पानावर थांबा.
मी थांबले.
मग म्हणाले, हो रे, एनुगु,
आणि माझाच आवाज मला
आईसारखा ऐकू आला.

पुस्तक लावण्या घरी घेऊन गेली. फी नाही, सभासदत्व नाही.
नऊ दिवसांनी आणलं, पानांना तंबाखूचा वास,
हत्तीपाशी खूण म्हणून
विडीच्या पानाची एक कातरण.
आईला बाजूनं वाचून दाखवलं, म्हणाली.
आईनं दोनदा मान वर केली.
दोनदा. तिनं मोजलं होतं.
त्या दिवशी विड्या किती कमी भरल्या
ते मी विचारलं नाही.