दुसरं गेट

बडोद्याहून ट्रक आला तेव्हा
दोनच गोष्टी फुटल्या होत्या:
गोडलिंबाच्या लोणच्याची बरणी,
आणि मराठीवर इथे सगळं निभेल
ही माझी समजूत.

घर हिंदवाडीत, वरचा मजला.
सुहासचं काम उद्यमबागेत, पंपांच्या कारखान्यात,
सात ते साडेतीन.
साडेतीननंतर काय करायचं असतं
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
बडोद्यात माणसं होती. मावश्या, भिशी,
कुणाच्या तरी मुलाचा साखरपुडा.
इथे चार वाजता चहा होतो
आणि साडेचारला पुन्हा चहा.

दूधवाला खालून ओरडतो, "येऊलालो, येऊलालो!"
पहिले चार दिवस मी पातेलं घेऊन जिन्यात उभी,
येतोय, की येणार आहे, की येऊन गेला?
शब्द ओळखीचा, शेपूट परकं.

घरमालकीण शांतव्वा हुक्केरी
डब्यातून शेंगांच्या पोळ्या पाठवते.
रिकामा डबा परत द्यायचा नसतो
हे दोन्ही भाषांत एकच.
मी लीला चिवडा भरून दिला.
तिने चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले:
"इदेनु?"
मी हातांनी गोल केला, किसणी दाखवली,
जमिनीखालून काहीतरी उपटून काढलं.
"बटाटी!" ती ओरडली,
जशी काही गावाकडची भाची ओळखली.

कोपऱ्यावरचे किराणावाले चव्हाण म्हणाले,
"बडोद्याचे का? म्हणजे आपलेच की वो."
शांतव्वा फोनवर बहिणीला म्हणाली, "नम्मवरे."
आम्ही एकाच महिन्यात दोघांचे झालो.
सुहास म्हणतो, भाडं पाच तारखेच्या आत देतो ना,
म्हणून.

रविवारी स्कूटर.
किल्ल्याच्या तलावाशी थांबून हा दर वेळी म्हणतो,
"सुरसागरच आहे गं, फक्त मधले महादेव नाहीत."
महादेव पुढे कॅम्पात भेटतात, मिलिटरीचे.
त्यांच्या बागेत आम्ही झोपाळ्यावर बसतो,
लहान मुलं आली की उठतो,
गेली की पुन्हा बसतो.
मग पाव किलो कुंदा, एक डबी, एकच चमचा,
कारण दुसरा मी मुद्दाम विसरते.

आणि परतताना दुसरं रेल्वे गेट.
हटकून बंद.
सगळे चडफडतात, हॉर्न वाजवतात,
एक जण दांड्याखालून सायकल आडवी करून सटकतो.
आम्ही इंजिन बंद करतो.
आठवड्यात आमच्या वाट्याचं एवढंच,
आठ-दहा मिनिटं कुठेच न जाता
मधोमध उभं राहणं.

मालगाडी असली की डबे मोजायचे.
आधी मी गुजरातीत मोजायची, माहेरची सवय, भरभर.
मग शांतव्वाकडून दहापर्यंत आणले:
ओंदु, एरडु, मूरु...
हत्तुपाशी मी थांबायची
आणि गाडी माझ्याशिवाय पुढे जायची.
पुढच्या रविवारी हन्नेरडु.
मार्चपर्यंत इप्पत्तु.
बाकीचे डबे नुसते बघायचे,
गंजके, कुलपं लटकलेले,
एकावर खडूने कुणाचं तरी नाव.

काल लांबलचक गाडी आली.
मी काहीच ठरवलं नव्हतं.
ओठ हलत राहिले, वीस गेले, मूवत्तु गेले,
शेजारच्या रिक्षातली म्हातारी माझ्याकडे बघून
माझ्याबरोबर पुटपुटायला लागली.
शेवटचा डबा गेला. "नलवत्तोंदु," मी म्हणाले.
"नलवत्तोंदु," म्हातारी.
"बेचाळीस," सुहास.

गेट उघडलं. मागून हॉर्न.
गार्डचा डबा धरायचा की नाही
यावर आम्ही घरापर्यंत भांडलो,
जिन्यात भांडलो,
कुलूप उघडताना भांडलो.
खालून शांतव्वाने विचारलं, काय झालं?
कानडीत विचारलं की मराठीत,
आता आठवत नाही.