ऐंशी शब्द

ऐंशी शब्दांत बसव, म्हणाले कारंजकर सर.
चष्मा कपाळावर, हातात लाल पेन.
पेनाला टोपण नाही,
बोलण्यालाही नाही.

मी तीनशे बारा आणले होते.
त्यात मैदानाकडेचा वडेवाला होता,
गोल झाला की कढईवर झारा आपटणारा;
पंचांनी मध्यंतरात शिट्टी धुतली, ती बाटली होती;
आणि होता बेडगचा गोलरक्षक प्रज्योत ओमासे,
मिरजेत दवाखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेला,
हातमोजे उसने, डोळे तांबडे.
एक पेनल्टी त्याने छातीवर घेतली
आणि पुढच्याच मिनिटाला
साधा, घरंगळत आलेला चेंडू
त्याच्या पायांमधून गेला
जसा ओळखीचा माणूस
न बोलता शेजारून जातो.

मला ते कळतं.
गल्लीतल्या मॅचला मीही गोलात उभी राहायचे,
उंच होते म्हणून नव्हे,
दुसरं कुणी उभं राहत नव्हतं म्हणून.

मॅच संपल्यावर त्याने विचारलं,
नाव येईल का हो पेपरात?
मी म्हटलं, येणारच.
शिकाऊ माणसाने 'च' लावू नये
हे मला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी बातमी आली. पान सहा, तळाला,
ट्रॅक्टरच्या जाहिरातीतल्या चाकाखाली.
गोलरक्षकाच्या चुकीमुळे निर्णायक गोल.
वडेवाला नाही, शिट्टी नाही, पेनल्टी नाही.
वर नुसतं 'प्रतिनिधी',
म्हणजे मीही नाही.

रात्री नूरुद्दीनचाचा
सतारीची जवारी लावत बसले होते.
घरी जाताना मी त्यांच्या ओट्यावर टेकते, रोजचंच,
वाळलेले भोपळे आणि लाखेचा वास यांच्या मधोमध.
वाजवता मला एक सूर येत नाही,
पण अर्धवट झालेली वाद्यं ऐकायला आवडतात.
चाचा घोडीवर कानस फिरवतात, एकदाच.
तार छेडतात. मान हलवतात. पुन्हा एकदा.
किती काढायचं ते कळतं कसं?
म्हणाले, कमी काढलं तर तार कुरकुरते,
जास्त काढलं तर मुकी होते.
मधे केसाएवढी जागा असते, तिथे ती बोलते.
मग माझ्याकडे न बघता:
काय गं, कुणी तुझं जास्त काढलं का?

मंगळवारी सुट्टी. आरगच्या एसटीत बसले,
डावीकडची खिडकी, चाकावरची सीट,
जिथे खड्डा आधी कळतो आणि रस्ता नंतर.
एरवी मी कुठेही जाते.
पाटीवरचं नाव तोंडात घोळलं की पुरे:
लिंगनूर, खटाव, एरंडोली.
उतरायचं, चहा प्यायचा, परतीची बस धरायची.
आज मात्र माफी मागायला निघालेले
आणि तिचीही काटछाट चालू:
मिरजेच्या बाहेर पडेपर्यंत चाळीस शब्द,
बेडगच्या वेशीत नऊ.

पानमळ्यात त्याची आई कवळ्या बांधत होती.
मोजणं न थांबवता तिने मानेनेच दाखवलं, तिकडे.
शेवरीच्या गार सावलीत प्रज्योत झोपलेला.
उठला, डोळे चोळले,
आणि मी तोंड उघडायच्या आत
खिशातून कात्रण काढलं,
घडीवर घडी घातलेलं, कोपऱ्यात चुन्याचा ठिपका.
बोट ठेवून म्हणाला,
हे 'गोलरक्षक' लिहिलंय ना मॅडम,
ते मीच.

नऊच्या नऊ शब्द घशात राहिले.
त्याच्या आईने निघताना
ओल्या फडक्यात पानं बांधून दिली, मोजून पंचवीस,
मग थांबून, कसला तरी विचार करून
वर अजून एक.

परतीच्या बसमध्ये तिकिटामागे लिहून ठेवलं:
पुढच्या रविवारी सरांना म्हणायचं,
ब्याऐंशी द्या.
देतीलच.

मग 'च' खोडला.