सपाट रस्त्यावरचा चढ

माको ते सेगेद, तीस किलोमीटर,
आणि मुलूख असा सपाट
की रस्त्यावर कांदा ठेवला तर जागचा हलणार नाही.
तरी रोज पहाटे तीनला
माझी व्हॅन चढ चढते.

सांगते कसा.
शेताच्या कडेला इंजिन सुरू करते तेव्हा
काचेखालचा आकडा असतो सोळा.
मारोश नदीच्या अंगानं धुकं, तिथं पंधरा.
तिथंच एक कोल्हा दिव्यांच्या झोतात थबकतो,
मला वय विचारायचंय त्याला असं वाटतं.
पेट्रोल पंपापाशी सतरा.
गोदामांची रांग लागली की अठरा.
मग तिसाचा पूल, पलीकडे ट्रामचे रूळ,
आणि आकड्याला घाई सुटते
वीस, एकवीस,
बाजारचौकात बावीस.
घाट नाही, वळण नाही,
मी गिअरसुद्धा बदललेला नाही.

चौकातल्या खांबावर एक पांढरी पेटी आहे.
सिलार्द नावाचा पोरगा शिडी लावून ती तपासतो,
विद्यापीठातला, दाढी अजून धड न फुटलेला.
एकदा मी त्याला गाजरं दिली, त्यानं मला कारण दिलं.
म्हणाला, शहराला घाम येत नाही, इबोया नेनी.
पाऊस पडतो तो पन्हळीतून गटारात, गटारातून नदीत,
मातीच्या तोंडाला थेंब लागत नाही.
घामच नाही तर ताप उतरणार कसा?
मी म्हटलं, ताप तर आहेच,
माझ्या आईला विचार.

आई नवव्या मजल्यावर राहते.
तिची भिंत दिवसभर उन्हाचं ऐकून घेते
आणि रात्रभर झोपेत बडबडते, तेच तेच, गरम गरम.
वारा येतो म्हणे, पण चार इमारतींना ठेचकाळून
तिच्या खिडकीशी पोचेपर्यंत
त्याच्यात पडदा हलवण्याइतकाही जीव उरत नाही.
ती न्हाणीघराच्या फरशीवर निजते, ओला टॉवेल पोटावर.

पण हेच जरा जानेवारीत तिला बोलून बघा!
गावाकडची जिरेनियमं ऑक्टोबरात काळी पडतात,
हिच्या गॅलरीत नोव्हेंबर संपला तरी लालभडक.
अख्ख्या गावाला फोन करून सांगते.
‘शहर म्हणजे चुलीलगतचा बाक,’ म्हणते,
आणि गुडघे चोळते,
ज्या गुडघ्यांनी तिला गावातून उठवून इथं आणलं.
जुलै येतो
आणि त्याच बाकावर बसवत नाही.

म्हणून बाजारात जाण्याआधी
मी तिच्या दारात दोन मिनिटं थांबते.
ती खाली आलेली असते, झोपायच्या झग्यात,
पायात बाबांच्या सपाता.
मी मागचं दार उघडते.
आत लेट्यूसची खोकी, रात्रीच भरलेली,
पानापानांत शेतातला अंधार अजून गार.
आई वाकते
आणि दोन्ही हातांनी पानं बाजूला सारून
तोंड आत घालते,
लहानपणी मी तिच्या पदरात घालायची तसं नाही,
घोडं हौदात घालतं तसं.

मी काही बोलत नाही. घड्याळ बघते.
दार उघडं राहिलं तर माल मरगळतो,
हे मला तिनंच शिकवलंय.

वर येते तेव्हा भुवयांवर दव असतं.
‘कोल्हा होता?’
‘होता.’
‘त्याच्यापाशी किती?’
‘पंधरा.’
ती मान डोलावते,
कुणी घरचं खुशाल असल्याचं कळावं तशी.

मग एक गड्डा उचलून काखेत मारते
आणि लिफ्टकडे निघते.
खायला नाही नेत.
उशाशी ठेवते.

बाजारात माझं एक खोकं
रोज एका गड्ड्यानं कमी भरतं.
गिऱ्हाईक मोजतं, माझ्याकडे बघतं.
मी म्हणते,
वाटेत चढ फार आहे.